फादर लोकांच्या शाळेत आपलं पोर : दीडशे वर्षांचा वारसा आणि सोनारीतल्या एका घरातले प्रश्न

परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाच्या यात्रेसाठी ओळखलं जाणारं गाव. इथं कॅथलिक मुलांची शाळा नाही. तरीही या ईदला गावातल्या एका घरात शिरखुर्म्याच्या वाट्या समोर ठेवून तासभर बोलणं चाललं ते अशाच शाळेवर. घरातला मोठा मुलगा पुण्यात टेम्पो चालवतो. त्याने आपल्या पोरासाठी तिथल्या ‘फादर लोकांच्या’ शाळेचा फॉर्म आणला आहे. दादीचं म्हणणं एकच, “बच्चा हात से निकल जाएगा.” चाचांनी विचारलं, फी किती? मुलाच्या अम्मीचा प्रश्न मात्र सगळ्यांत नेमका होता : तिथं रोज सकाळी प्रार्थना कुणाची म्हणतात?

असे प्रश्न आमच्याकडे दर वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत येतात. गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या कुटुंबांना या शाळा बाहेरून दिसतात. उंच दगडी इमारत, मोठं मैदान, गेटवर संताचा पुतळा, आणि आत जायला लागणारी धाकधूक. म्हणून या शाळा कुठून आल्या, कशावर चालतात, आणि आपलं पोर तिथं गेलं तर त्याच्या दीनचं काय, हे जरा सविस्तर सांगायचं आम्ही ठरवलं.

आधी एक गैरसमज. या शाळा ‘इंग्रजांच्या’ आहेत असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. राज्य इंग्रजांचं होतं, पण मुंबई-पुण्यात या शाळा उभ्या करणारे बरेच फादर जर्मन आणि स्विस होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा याच इंग्रज सरकारने जर्मन फादरांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं, बऱ्याच जणांना मायदेशी पाठवलं. शाळा चालवायला माणसं उरेनात. पुढे १९२० च्या दशकात स्पेनमधून फादर आले आणि त्यांनी काम हाती घेतलं. आज या शाळांमधले फादर भारतीयच असतात.

हे लोक ज्या संघाचे, त्याला जेझुइट किंवा येशूसंघ म्हणतात. इग्नेशियस लोयोला नावाच्या स्पॅनिश माणसाने तो काढला. हा मूळचा शिपाईगडी. लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणावर पडून पुस्तकं वाचली आणि आयुष्याची दिशाच बदलली. १५४० मध्ये पोपने संघाला मान्यता दिली. १५४८ मध्ये इटलीतल्या मेसिना शहरात त्यांची शाळा निघाली, आणि १५९९ मध्ये त्यांनी शाळा कशी चालवायची याची एक नियमावलीच तयार केली. इयत्ता कशा लावायच्या, उजळणी कधी घ्यायची, वादविवाद आणि नाटक का ठेवायचं, शिक्षकाने मुलाशी कसं वागायचं, सगळं त्यात आहे.

फादर होणारा माणूस लग्न करत नाही, स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवत नाही, आणि संघ सांगेल तिथं जातो. शिकवण्याचा पगार मिळाला तरी तो संघाच्या खात्यात जातो. आपल्या दीनमध्ये असा संन्यास नाही, आणि तो आपल्याला पटायचंही कारण नाही. पण एका शाळेमागे पिढ्यान्‌पिढ्या अशी माणसं उभी राहिली की काय होतं, ते समजून घ्यायला हवं. ‘माझ्यानंतर माझा मुलगा चेअरमन’ हा प्रश्नच तिथं उभा राहत नाही. आपल्या किती संस्था नेमक्या याच प्रश्नावर फुटल्या, हे वाचकांना आम्ही सांगायची गरज नाही.

आपल्या भागाशी यांचा संबंध काय? दोन बाजूंनी आहे. सोनारी, परंडा, सगळा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादमध्ये, १८५५ मध्येच ऑल सेंट्स ही कॅथलिक मुलांची शाळा निघाली होती. मोहम्मद अझरुद्दीन त्याच शाळेत शिकला. त्याच्या आधीच्या पिढीतले कसोटीवीर सय्यद आबिद अलीही तिथले विद्यार्थी. ती शाळा जेझुइटांची नाही, दुसऱ्या संघाच्या ब्रदर लोकांची. पण बाहेरच्या माणसाला हा फरक सहसा कळत नाही. दुसरी बाजू मुंबई इलाख्याची. बेळगावचं सेंट पॉल्स १८५६ चं, वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चं, माझगावचं सेंट मेरीज १८६४ चं, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं, आणि मुंबईत धोबी तलावचं सेंट झेवियर्स १८६९ चं. चौदा वर्षांत पाच शाळा, आणि पाचही अजून चालू आहेत. सगळ्या मुलांच्या शाळा म्हणूनच सुरू झाल्या.

त्याहून जुना एक धागा थेट मराठीचा आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि ख्रिस्ती धर्मकथा ओव्यांमध्ये लिहिल्या. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठीची गोडी गाणाऱ्या त्याच्या ओव्या मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्याच परंपरेतल्या शाळांमध्ये आज आपली पोरं मराठी फक्त एक विषय म्हणून शिकतात, आणि पालकांनाही तेच हवं असतं. हा उलटा प्रवास आम्हाला खटकतो, पण त्याचा दोष एकट्या फादरांवर टाकता येणार नाही.

त्या काळातली दुसरी गोष्टही आपल्या वाचकांना आवडेल. १५८० मध्ये अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून गोव्याहून जेझुइटांची एक तुकडी फतेहपूर सिक्रीला पोचली. त्यात रोडोल्फो ॲक्वाविवा आणि अँटोनियो मोन्सेरात होते. इबादतखान्यात उलेमांशी त्यांचे वाद झडले. कुणी कुणाचं मत बदललं नाही. पण एकाच दालनात बसून, नावं ठेवत का होईना, ते बोलले. गोव्यात मात्र याच काळात पोर्तुगीज सत्तेखाली इन्क्विझिशनने लोकांचा छळ केला, आणि दादीच्या मनातली भीती तशाच आठवणींतून आली आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मग १८६९ च्या झेवियर्समध्ये काय वेगळं होतं? काळ आणि जागा. धोबी तलावच्या आसपास गोव्याचे कॅथलिक, पारशी, गुजराती, पाठारे प्रभू, कोकणी मुसलमान सगळेच राहत होते. शाळेच्या दारातून सगळ्यांचीच मुलं आत आली. आजही ती शाळा लोकमान्य टिळक मार्गावर आहे. तिथून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने चालत निघालात तर थोड्याच वेळात बोरीबंदरसमोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत लागते. अंजुमनची स्थापना १८७४ ची. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी पाहिलं की शहरातले बाकीचे समाज शाळा काढून पुढे चालले आहेत आणि आपली मुलं मागं राहताहेत. पाच वर्षांच्या अंतराने, चालत जाण्याइतक्या अंतरावर, दोन अल्पसंख्य समाजांनी आपापल्या संस्था रोवल्या. झेवियर्सचा वारसा म्हणजे काय हे बघायला जाणाऱ्याने ही दोन्ही गेट एकाच दिवशी पाहावीत.

‘प्रत्येक पोराची वेगळी काळजी’

जेझुइट शाळांचे दोन-तीन शब्द सारखे कानावर पडतात. लॅटिन शब्द सोडा, अर्थ सांगतो. पहिला : प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक माणूस म्हणून लक्ष द्यायचं, रोल नंबर म्हणून नाही. दुसरा : जे जमलं त्यावर थांबायचं नाही, अजून थोडं पुढं जायचं. तिसरा : दिवसाच्या शेवटी स्वतःला विचारायचं, आज काय चांगलं केलं, कुठं चुकलो. हा तिसरा भाग वाचताना आम्हाला आपला ‘मुहासबा’ आठवला. झोपण्यापूर्वी स्वतःचा हिशोब स्वतः करायची सवय आपल्या बुजुर्गांनीही सांगितलेलीच आहे.

पहिल्या शब्दाचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्याच समाजातलं आहे. सलीम अली यांचं. १८९६ चा जन्म, आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवलं. शिक्षण कसंबसं चाललेलं, तब्येत नाजूक, मॅट्रिक जेमतेम पास. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात कामधंद्याला गेले आणि परत आले. घरच्यांनी कॉमर्सच्या कोर्सला घातलं. त्या वेळी झेवियर्स कॉलेजमध्ये फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ शिकवत होते. या मुलाला हिशोबात नाही, पाखरांत रस आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला प्राणिशास्त्र शिकायला लावलं. पुढं तोच मुलगा भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ झाला, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. हे शाळेतलं नाही, कॉलेजातलं उदाहरण आहे, मान्य. पण संघ तोच, रीत तीच. ब्लॅटरनी त्याला ख्रिस्ती करायचा प्रयत्न केला नाही, आणि त्याच्यासाठी पाखरंही नवी आणली नाहीत. त्याला काय आवडतं तेवढं बघितलं.

मैदानही या शिक्षणाचा भाग मानतात, ते शोभेसाठी नसतं. सुनील गावसकर धोबी तलावच्या झेवियर्स शाळेतला. आणि १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली ना, ती याच झेवियर्स शाळेविरुद्ध. त्या दिवशी उन्हात गोलंदाजी करत राहिलेल्या पोरांत साईराज बहुतुले होता, जो पुढं भारताकडून कसोटी खेळला. विक्रमाच्या गोष्टीत हरणाऱ्या बाजूचं नाव कुणी घेत नाही. आम्हाला मात्र चेंडू टाकत राहिलेली ती मुलंच जास्त लक्षात राहतात.

प्रार्थना कुणाची?

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येऊ. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना होते, आणि ती बहुतेक वेळा ख्रिस्ती वळणाची असते. हे लपवण्यासारखं नाही. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो. त्या वेळात बाकीच्यांना मॉरल सायन्स, म्हणजे मूल्यशिक्षण देतात. खरं बोलणं, चोरी न करणं, म्हाताऱ्यांना मदत, असे धडे. त्यात आपल्याला वावगं वाटावं असं फारसं सापडणार नाही.

इथं कायदा काय म्हणतो ते प्रत्येक पालकाला पाठ हवं. संविधानाचं कलम २८, पोटकलम ३. सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुठल्याही विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला बसायची किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे चावी पालकाच्या हातात आहे. मात्र आपण फॉर्मवर कुठं सही करतो हे वाचतच नाही. ‘शाळेचे सर्व कार्यक्रम मान्य’ असं छापलेलं असेल तर थांबा, विचारा. नम्रपणे विचारलं की बहुतेक प्रिन्सिपल नीट उत्तर देतात.

शुक्रवारच्या नमाजचंही तसंच. शाळेची वेळ आणि जुम्माची वेळ एकत्र येते का, मधल्या सुट्टीत जाता येईल का, हे ॲडमिशननंतर नाही, आधी विचारावं. आणि दाढी-टोपीचा विषय मोठ्या मुलांबाबत येतो. मध्य प्रदेशातल्या सिरोंज इथल्या एका कॉन्व्हेंट शाळेतल्या मुस्लिम विद्यार्थ्याचं दाढीचं प्रकरण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. मार्चमध्ये याचिका फेटाळताना न्यायमूर्तींनी जे उद्गार काढले त्यावर देशभर नाराजी उमटली. जुलैमध्ये ते मागे घेतले गेले आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या खंडपीठाने मुलाला दिलासा दिला. एवढी धावपळ टाळायची असेल तर शाळेचा नियम आधी लेखी मागून घेणं बरं.

या सगळ्यावर दादीला पटेल असं एक उदाहरण आहे. उस्ताद झाकिर हुसेन माहीमला वाढले, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याच्या शेजारात. त्यांनी मुलाखतींत सांगितलेलं आहे : पहाटे अब्बांकडे, उस्ताद अल्लारखांकडे, तबला, मग मदरशात कुरआन पठण, मग रस्ता ओलांडून सेंट मायकल्समध्ये प्रार्थनागीतं आणि शाळा. एकाच सकाळी तिन्ही. मदरशातल्यांनी शाळेबद्दल वाईट सांगितलं नाही, फादरांनी मदरशाबद्दल नाही. हे जमलं कारण तिन्ही ठिकाणची माणसं जागेवर होती. मदरसा बंद करून मुलाला फक्त चर्चच्या शाळेत पाठवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही दादीच्या बाजूने सांगायला हवं. हजरत ईसा अलैहिस्सलाम आणि बीबी मरियम यांच्याबद्दल आपला अकीदा काय आहे आणि तो ख्रिस्ती श्रद्धेपासून कुठं वेगळा होतो, हे पोराला घरी कुणीतरी आधीच सांगितलेलं असावं. मग शाळेच्या गेटवरचा मेरीचा पुतळा बघून ते गोंधळत नाही. उलट सुरह मरियमची गोष्ट वर्गातल्या मित्राला सांगतं.

फी, सीट आणि आरटीई

आरटीईच्या २५ टक्के जागांमधून या शाळेत नंबर लागेल, अशी आशा धरून फॉर्म भरणारे दर वर्षी भेटतात. लागणार नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याक शाळांना आरटीई कायदा लागू नसल्याचं सांगितलं. २०२५ मध्ये कोर्टाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं आहे. तो निर्णय येईपर्यंत जुनंच धोरण. म्हणून आरटीईवर विसंबून वर्ष घालवू नका. त्याऐवजी शाळेचा कोणता विभाग अनुदानित आहे ते विचारा. जुन्या शाळांत एसएससी बोर्डाचे अनुदानित वर्ग असतात, तिथली फी आयसीएसई विभागाच्या मानाने बरीच कमी असते. चाचांच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा या एका फरकात दडलेलं असतं.

जागा देताना कॅथलिक मुलांना प्राधान्य मिळतं. त्यात रागवण्यासारखं काही नाही; अंजुमनच्या शाळेतही आपल्या मुलांना प्राधान्य असावं असंच आपण म्हणतो. दोन्हींचा आधार एकच आहे, कलम ३०. अल्पसंख्याकांना आपल्या आवडीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क. संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या बाजूने बोलणाऱ्यांत फादर जेरोम डिसोझा हे जेझुइट होते. आणि हा हक्क कोर्टात भक्कम झाला तो १९७४ मध्ये, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजने गुजरात सरकारविरुद्ध लढलेल्या खटल्यात. नऊ न्यायमूर्तींचं पीठ होतं. आज एखादी मुस्लिम संस्था आपल्या कारभारात सरकारी ढवळाढवळ नको म्हणून कोर्टात जाते तेव्हा तिचे वकील याच निकालाचा दाखला देतात. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात हेही ठरलं की अनुदान घेणाऱ्या अल्पसंख्याक संस्थेला बाहेरच्या काही विद्यार्थ्यांना जागा द्याव्याच लागतात. म्हणून त्या गेटसमोर आपण भीक मागायला उभे नाही.

जे चमकतं त्याच्या मागं

या शाळांची सगळीच बाजू उजळ नाही. छडीचा काळ जुन्या विद्यार्थ्यांना अजून आठवतो; २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी आली. इंग्रजी येत नाही म्हणून पोरं एकमेकांना चिडवतात आणि शिक्षकांचं लक्ष नसतं. ज्यांच्या घरी गाडी, त्यांचा एक कंपू. ज्यांचे अब्बा टेम्पो चालवतात, ते कोपऱ्यात. आमच्या ओळखीतल्या एका पोराने सातवीत शाळा बदलली ती अभ्यास जमेना म्हणून नाही, तर स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे पैसे दर वेळी उशिरा जातात याची लाज वाटून. घरच्यांना हे वर्षभराने कळलं.

नवल हे की हीच टीका संघाच्या प्रमुखानेच केली होती. १९७३ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात युरोपातले जुने विद्यार्थी जमले होते. पैसेवाले, पदांवर बसलेले लोक. फादर पेद्रो अरुपे तेव्हा संघाचे प्रमुख. त्यांनी समोर बसलेल्यांना विचारलं की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, आणि उत्तरही स्वतःच दिलं : नाही. आपल्या शाळांतून दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं निघाली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना राग आला. पण ते वाक्य संघाने पुसलं नाही, उलट तेव्हापासून जगभरच्या जेझुइट शाळा ते आपल्या ध्येयात लिहितात. आपल्या एखाद्या संस्थेच्या जलशात अध्यक्षांनी असं बोललेलं आम्ही तरी अजून ऐकलं नाही.

सोनारीतल्या त्या घरात शेवटी असं ठरलं. फॉर्म भरायचा, पण अनुदानित वर्गासाठी. मदरशाची वेळ सकाळऐवजी मगरिबनंतर करता येईल का, हे पुण्यातल्या हाफिज साहेबांना विचारायचं. पोराला उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी ठेवायचं, ही दादीची अट. फॉर्म गेला आहे, मुलाखतीची तारीख यायची आहे. शुक्रवारचं अजून विचारायचं राहिलंय. अम्मीने ते मराठीत एका कागदावर लिहून घेतलं आहे, प्रिन्सिपलांसमोर बोलताना घाबरायला नको म्हणून.